सुप्रीम कोर्ट आपलाच जुना निकाल फिरवतं तेव्हा आपण काय समजायचं?

सातरस्ता_वकील
नमस्कार मंडळी. मी सोलापूर जिल्हा न्यायालयात वकिली करतो, जास्त करून अपघाताचे क्लेम. गेलं वर्षभर बार रूममध्ये चहाला बसलं की फिरून फिरून एकच विषय निघतो, सुप्रीम कोर्ट स्वतःचेच निकाल फार लवकर बदलायला लागलंय. भटक्या कुत्र्यांचं तर सगळ्यांनाच माहितीये, ११ ऑगस्ट २०२५ ला दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातली कुत्री उचला, शेल्टरमध्ये ठेवा, परत सोडू नका असा आदेश दिला आणि २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी तो बदलला, नसबंदी आणि लस करून होती तिथे सोडा, फक्त रेबीजवाली आणि अंगावर येणारी सोडू नका. ठीक आहे, ते अंतरिम होतं. पण वनशक्ती या पर्यावरण संस्थेच्या केसमध्ये आधी काम सुरू करायचं आणि मागाहून पर्यावरण मंजुरी घ्यायची ही सोय १६ मे २०२५ च्या निकालाने बंद केली आणि १८ नोव्हेंबरला दुसऱ्या बेंचने २ विरुद्ध १ ने तो निकालच परत घेतला. मधल्या काळात मूळ निकाल लिहिणारे न्या. ओक रिटायर झाले होते, त्यांच्या जोडीला असलेले न्या. भुयान नव्या तिघांत होते आणि त्यांनी विरोधात लिहिलं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. निकाल बदलणं हा दोष नाही. कलम १४१ प्रमाणे सुप्रीम कोर्टाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या कोर्टांना बांधतो पण सुप्रीम कोर्ट स्वतः त्याला कायमचं बांधलेलं नाही, हे १९५५ च्या बेंगाल इम्युनिटी केसमध्येच ठरलंय. माझं दुखणं वेगळं आहे. कोणी बदलला, किती जणांनी बसून बदलला आणि काय कारणाने बदलला हे मला माझ्या पक्षकाराला मराठीत पाच मिनिटांत सांगता आलं पाहिजे. जिथे ते सांगता येत नाही तिथे लोक आपापली कारणं काढतात, आणि ती कारणं कोर्टाच्या इभ्रतीला बरी नसतात. निकाल असे बदलत असताना कोर्टावरचा विश्वास कशावर राहतो, तुम्हाला काय वाटतं, मनापासून लिहा, वकील नसाल तरी लिहा.

होटगीकर
वकीलसाहेब, माझे अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूम आहेत, टॉवेलचे. कायदा मला कळत नाही पण धंदा कळतो. वनशक्तीचं तुम्ही सांगितलं त्यावरून मला एवढंच दिसतं की ज्याने आधी सगळ्या परवानग्या काढल्या, वर्ष वर्ष फाइलीमागे फिरला, कन्सल्टंटला पैसे दिले, बँकेचं व्याज भरत बसला तो मागे राहिला आणि ज्याने आधी शेड बांधलं त्याला दंड भरून मोकळं व्हायची वाट परत उघडली. निकाल बरोबर का चूक हे मोठ्या लोकांनी ठरवावं, पण नियम पाळणाऱ्याला सहा महिन्यांत असं वाटायला लागलं की आपण उगाच पाळला तर पुढच्या वेळी तो पाळेल का? आमच्याकडे बाकीचे कारखानदार हेच बघून शिकतात.

सातरस्ता_वकील
होटगीकर, तुमचं म्हणणं अगदी मुद्द्याचं आहे. दुसऱ्या बाजूचंही सांगतो, नोव्हेंबरच्या बहुमताचं म्हणणं असं होतं की आधीच्या बेंचपुढे जुने काही निकाल आले नाहीत, आणि मे चा निकाल तसाच ठेवला तर हजारो कोटींची सार्वजनिक बांधकामं पाडावी लागतील. त्यात तथ्य आहे. पण हे बांधकामांचं तर मे मध्येही माहिती होतंच ना.

विडीघरकुल_पद्मा
मला या विषयावर लिहायचंय कारण आमच्या घरात सुप्रीम कोर्ट विडीच्या सुपातून आलंय. अम्मा चाळीस वर्षं विड्या वळायची. पानं भिजवायची, कात्रीने पत्र्याच्या मापाने कापायची, तंबाखू भरून दोरा मारायची आणि संध्याकाळी कारखान्यात जाऊन मोजून द्यायची, तिथला माणूस त्यातल्या खराब म्हणून बाजूला काढायचा आणि त्याचे पैसे मिळायचे नाहीत. कुणी विचारलं तर मालक म्हणायचा या कामगार नाहीतच, घरी बसून करतात, कधी यावं कधी जावं यांचं ते बघतात.

मी एमएसडब्ल्यू करताना यावर थोडं वाचलं. डिसेंबर १९६० मध्ये सुप्रीम कोर्टाने नागपूरच्या विडी कारखान्यातल्या लोकांना (बिरधीचंद शर्मा केस) फॅक्टरी कायद्याखाली कामगार मानलं. कामाला कधी यायचं कधी जायचं हे त्यांच्या हातात होतं, मजुरी नगावर होती, तरीपण कामगार मानलं आणि रजेचा पगार मिळाला. आणि वर्ष पण झालं नाही तोवर, ऑक्टोबर १९६१ मध्ये, आपल्याच महाराष्ट्रातल्या शंकर बालाजी वाजे केसमध्ये कोर्ट म्हणालं हा विडी वळणारा कामगार नाही!! विडी तीच, मजुरी तशीच नगावर, भांडण परत रजेच्या पगाराचंच. कोर्टाने सांगितलं की दोन्हीकडची परिस्थिती वेगळी आहे, इथे मालकाचा ताबा तसा नव्हता. न्या. सुब्बाराव यांनी मात्र वेगळं मत लिहिलं, त्यांना तो कामगारच वाटला. अम्मासारख्या बायका तर कारखान्यात पण बसत नव्हत्या, घरी वळायच्या, म्हणजे त्या अजूनच लांब.

शेवटी हे सुटलं कसं तर संसदेने १९६६ साली विडी-सिगार कामगारांचा वेगळा कायदा केला, त्यात घरी वळणारी बाई पण आली. मालक लोक त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले आणि १९७४ मध्ये मंगलोर गणेश बिडी केसमध्ये कोर्टाने तो कायदा टिकवला. अम्माचं पीएफचं कार्ड पुढे पीएफच्या वेगळ्या कायद्याखाली झालं. म्हणून मला असं ठामपणे वाटतं की जुना निकाल हा गरिबाचा आधार पण असतो आणि गरिबाच्या गळ्यातला फास पण असतो. १९६१ चा निकाल कुणी "पायंडा आहे, हात लावू नका" म्हणत जपून ठेवला असता तर आमचं काय झालं असतं?

कायद्याची_विद्यार्थिनी
पद्माताई खूप भारी लिहिलंत, हे आम्हाला लेबर लॉ मध्ये नुसती केसची नावं म्हणून पाठ करायला लावतात, विडी कशी वळतात हे कुणी सांगितलंच नाही.

माझा मुद्दा एडीएम जबलपूर या केसबद्दल आहे. २८ एप्रिल १९७६, आणीबाणी. ९ हायकोर्टांनी सांगितलं होतं की डांबून ठेवलेला माणूस कोर्टात दाद मागू शकतो. सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध १ ने सगळ्यांना चूक ठरवलं. एकटे न्या. खन्ना विरोधात. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून न्या. बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला. तो निकाल अधिकृतपणे मोडीत निघाला २४ ऑगस्ट २०१७ ला, खासगीपणाच्या हक्काच्या पुट्टस्वामी केसमध्ये, ९ न्यायमूर्तींचं बेंच. आणि मोडीत काढणाऱ्या न्या. धनंजय चंद्रचूड यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड १९७६ च्या त्या चौघांपैकी होते.

४१ वर्षं! १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने संसदेने व्यवस्था करून ठेवली की आणीबाणीतही जगण्याचा हक्क थांबवता येणार नाही, म्हणजे परत पद्माताई म्हणतात तसं संसदेनेच आधी दुरुस्त केलं. पण कोर्टाच्या स्वतःच्या वहीत ते पान तसंच राहिलं. मला असं वाटतं की या काळात कोर्टाची लाज राखली ती खन्नांच्या त्या एका मताने. लोकांना निदान दाखवायला होतं की तिथे एक माणूस बसला होता ज्याने हे लिहून ठेवलं. सर तुम्ही विचारलंत ना विश्वास कशावर राहतो, माझं उत्तर आहे, विरोधी मत छापून येतं यावर.

निवृत्त_मास्तर
बाळ, तुझं पटलं. फक्त सोलापूरच्या मुलांनी हे विसरू नये की आपल्या गावाने कोर्ट बाजूला ठेवून कारभार चालतो तो कसा असतो हे आणीबाणीच्या कितीतरी आधी पाहिलंय. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ लागला. लष्करी अंमलात झालेल्या शिक्षांचं प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं, चनप्पा शांतिरप्पा विरुद्ध एम्परर या नावाने कायद्याच्या पुस्तकांत आजही सापडतं. आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्याला फाशी झाली. पुतळ्यांना हार घालून आपण घरी जातो, पण त्या चौघांच्या वेळचं कोर्ट परक्या राजाचं होतं, लोकांनी त्याला मानावं असं त्याच्याकडे काही नव्हतं, मागे बंदूक होती म्हणून ते चालत होतं. आपल्या सुप्रीम कोर्टाकडे ना फौज ना तिजोरी. सरकारने निकाल मानला तर मानला. तो का मानतं? कारण नाही मानला तर लोक विचारतील. लोक विचारायचे थांबले की संपलं.

मोहोळचा_शेतकरी
मास्तर तुमचा आदर ठेवून बोलतो. लोक विचारतात की, लै विचारतात, उत्तर कुठं मिळतं? मराठा आरक्षणाचं घ्या. हायकोर्टाने २०१९ ला टिकवलं. ५ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टाने घालवलं, का तर १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात ९ न्यायमूर्तींनी ५० टक्क्यांची मर्यादा घातलीय आणि त्याचा फेरविचार मोठ्या बेंचकडे द्यायची पण गरज नाही. बरं, कोर्टाचा पायंडा आहे म्हटलं, गप बसलो. मग ७ नोव्हेंबर २०२२ ला ईडब्ल्यूएसचं (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचं) १० टक्के आलं आणि त्याच कोर्टात पाचातले तिघं म्हणाले ती मर्यादा काय एवढी ताठर नाही. आता मी पोराला काय सांगू? दीड वर्षात मर्यादा ताठर होती ती लवचिक कशी झाली? मी कुणाच्या आरक्षणावर जळत नाही, कुणाचं काढून मागत पण नाही. मला फक्त एका मापाने मोजा एवढंच म्हणणं आहे.

सातरस्ता_वकील
भाऊ, हा प्रश्न मला गावाकडचे पक्षकार आले की दर वेळी ऐकायला मिळतो आणि तो टाळण्यासारखा नाहीच. कागदावर उत्तर आहे. ईडब्ल्यूएसच्या बहुमताने असं म्हटलं की ५० टक्क्यांची मर्यादा सामाजिक मागासलेपणावरच्या जुन्या आरक्षणापुरती आहे, आर्थिक निकषाचं आरक्षण १०३ व्या घटनादुरुस्तीने वेगळं आणलंय, त्याला ती लागत नाही. विरोधात दोघं होते, न्या. भट आणि सरन्यायाधीश उदय लळीत, लळीतांचा जन्म आपल्या सोलापूरचाच. अल्पमताने स्पष्ट इशारा दिला की ही मर्यादा एकदा मोडली की पुढे कशालाच धरबंध राहणार नाही. मला व्यक्तिशः अल्पमत जास्त पटतं. पण पटो न पटो, कारण लिहिलेलं आहे, ते वाचता येतं, खोडता येतं. प्रश्न असा की ते मोहोळपर्यंत पोचवलं कुणी? टीव्हीवर "मोठा झटका" आणि "मोठा दिलासा" एवढंच आलं. सुप्रीम कोर्टाच्या वेबसाइटवर आता बऱ्याच निकालांची मराठी भाषांतरं मिळतात, पण ती वाचली तर मलाच परत इंग्रजी काढावं लागतं इतकी ती जड असतात.

आता बेंचच्या आकड्याबद्दल, कारण यावर गोंधळ फार होतो. सुप्रीम कोर्टात सरन्यायाधीश धरून तिसाहून जास्त पदं आहेत आणि रोजचं काम दोन-दोन, तीन-तीन जणांची बेंचेस करतात. म्हणजे एकाच दिवशी एकाच छपराखाली डझनभर सुप्रीम कोर्टं चालू असतात. म्हणून नियम असा की लहान बेंचला मोठ्या बेंचचा निकाल पटला नाही तरी मोडता येत नाही, सरन्यायाधीशांकडे पाठवायचं. तेवढ्याच आकाराच्या बेंचने पण परस्पर उलटं सांगायचं नाही. दाऊदी बोहरा केसमध्ये पाच जणांनी हे स्वच्छ लिहून ठेवलंय.

हे न पाळलं की काय होतं ते माझ्या कामातलं सांगतो. २ एप्रिल २०१३ ला रेश्मा कुमारी केसमध्ये तीन न्यायमूर्तींनी अपघाताच्या भरपाईचे नियम सांगितले, त्यात स्वतःचा धंदा करणाऱ्याला पुढे कमाई वाढली असती म्हणून वाढ साधारणपणे नाही. १२ एप्रिल २०१३ ला, दहाच दिवसांनी, राजेश विरुद्ध राजबीर सिंग केसमध्ये दुसऱ्या तीन न्यायमूर्तींनी ती वाढ दिली, पहिला निकाल त्यांच्यासमोर आलाच नाही. मग साडेचार वर्षं देशभरच्या ट्रिब्युनलमध्ये विमा कंपनीचा वकील रेश्मा कुमारी काढायचा आणि आम्ही राजेश काढायचो. ३१ ऑक्टोबर २०१७ ला प्रणय सेठी केसमध्ये पाच जणांनी एकदाचा निकाल लावला की स्वतःचा धंदा करणारा ४० च्या आतला असेल तर ४० टक्के वाढ धरायची.

हिशोब करून बघा. रिक्षावाला, वय ३५, महिन्याला १५ हजार कमाई, मागे बायको, दोन पोरं, आई. वर्षाचे १,८०,०००. घरात चार जण अवलंबून म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा, राहिले १,३५,०००. वयाप्रमाणे १६ ने गुणायचं, २१,६०,०००. आता ४० टक्के वाढ धरा, तोच आकडा ३०,२४,००० होतो. ८,६४,००० चा फरक, आणि तो फरक त्या बाईची केस कुठल्या महिन्यात कुठल्या जजसमोर आली यावर ठरत होता. विश्वास वगैरे मोठे शब्द मी या आठ लाखांत मोजतो.

होटगीकर
बापरे. हे कधी पेपरात वाचलं नाही.

पाणीपुरवठा_कंत्राटी
मी एका स्थानिक संस्थेत (नाव टाकत नाही) कंत्राटी आहे, व्हॉल्व्ह सोडायचं काम, पंधरा वर्षं झाली असतील. आम्ही कायम करा म्हणून अर्ज दिला की उत्तर ठरलेलं, "मा. सर्वोच्च न्यायालयाच्या उमादेवी प्रकरणातील निर्णयानुसार मागणी मान्य करता येत नाही." मला ती उमादेवी बाई कोण हेसुद्धा माहिती नव्हतं पण तिच्या नावाचा लै राग यायचा. हे खरंच कोर्टाने असं सांगितलंय का?

कायद्याची_विद्यार्थिनी
दादा, हे आमच्या मागच्या सेमिस्टरला होतं. उमादेवी निकाल १० एप्रिल २००६ चा, पाच न्यायमूर्तींचा. त्यात सांगितलं की मागच्या दाराने भरलेल्यांना कोर्टाने कायम करत बसू नये, कारण त्या जागेवर स्पर्धेने यायचा हक्क बाकीच्या बेरोजगारांचा पण आहे. पण त्याच निकालात पुढे असंही आहे की मंजूर पदावर, पात्रता असलेले, कोर्टाच्या आदेशाशिवाय दहा वर्षं किंवा जास्त काम केलेले असतील त्यांना एकदाच म्हणून कायम करायचा विचार करा. ऑफिसवाले पहिला भाग दाखवतात आणि दुसरा दाखवत नाहीत.

आणि २० डिसेंबर २०२४ ला जग्गो विरुद्ध भारत सरकार या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच बोलून दाखवलं की उमादेवीचा आधार घेऊन वर्षानुवर्षं राबलेल्यांना नाकारणं हा त्या निकालाचा गैरवापर आहे. त्या केसमध्ये सफाईचं आणि बागेचं काम करणारे होते, त्यांना कायम करायला लावलं. ते दोघांचं बेंच होतं म्हणजे उमादेवी मोडली नाही, ती मोडू शकतच नाहीत, पण ती कशी वाचायची ते सांगितलं. तुमच्या पुढच्या अर्जात दोन्ही निकालांची नावं टाका आणि पद मंजूर आहे का ते माहिती अधिकारात आधी काढून घ्या.

पाणीपुरवठा_कंत्राटी
ताई, हे कुणीच सांगितलं नव्हतं. उद्याच आमच्या पोरांना दाखवतो.

विडीघरकुल_पद्मा
हेच तर! आमच्यासारख्यांना सुप्रीम कोर्ट दिल्लीत भेटत नाही, ते कारकुनाच्या पत्रात भेटतं. तिथे अर्धाच निकाल लिहून आला तर आपला राग कोर्टावर निघतो. वकीलसाहेब तुम्ही न्यायमूर्तींच्या बेंचबद्दल बोलला ते बरोबर, पण मी म्हणेन की निम्मा विश्वास खालच्या टेबलावर जातो.

सातरस्ता_वकील
मान्य पद्माताई, यात तुमच्याशी शंभर टक्के सहमत. मी फक्त वरचं बघत होतो असं नाही, पण वर दहा दिवसांत दोन निकाल आले की खालच्या टेबलाला आपल्या सोयीचा उचलायला आयताच मिळतो, हे दोन्ही एकमेकांत गुंतलेलं आहे. म्हणून माझी मागणी साधी आहे. जुना निकाल मोडायचा तर मोठ्या बेंचने, उघड सुनावणीत, जुन्या निकालातली चूक नाव घेऊन सांगून मोडा. १ ऑगस्ट २०२४ चा अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा निकाल बघा, सात जणांनी ६ विरुद्ध १ ने असं उपवर्गीकरण करता येत नाही म्हणणारा २००४ चा चिन्नय्या निकाल मोडला. विषय केवढा नाजूक, आपल्या जिल्ह्यातही यावर दोन तट आहेत आणि दोन्हीकडे माझे मित्र आहेत. पण कुणी असं म्हणत नाही की गुपचूप केलं. रागावलेले लोकसुद्धा परिच्छेदांचे नंबर सांगून भांडतात. भांडण असं होत असेल तर कोर्टाला काही धोका नाही.

मोहोळचा_शेतकरी
वकीलसाहेब एक घरचं विचारू का. माझा चुलतभाऊ २०१४ साली टेंभुर्णीजवळ गेला, ट्रकने ठोकलं. भाड्याने जीप चालवायचा, वय ३४. २०१६ ला क्लेमचा निकाल लागला, ती तुम्ही म्हणता ती ४० टक्के वाढ धरलीच नव्हती. मग वहिनीला आता ते परत मागता येतं का?

सातरस्ता_वकील
भाऊ, आधी वाईट वाटलं ऐकून. कायदा असा आहे की निकाल लागून विषय तिथेच संपला असेल, पैसे उचलले आणि अपील केलं नाही, तर नंतर सुप्रीम कोर्टाने नियम बदलला म्हणून संपलेली केस परत उघडत नाही. ही मला सगळ्यात टोचणारी गोष्ट आहे, कारण शेजारच्या गावातल्या दुसऱ्या वहिनीची केस दोन वर्षं रखडली म्हणून तिला वाढ मिळाली आणि तुमच्या वहिनीची लवकर लागली म्हणून नाही मिळाली.

पण अपील केलं होतं का ते बघा. तेव्हाच्या वकिलांनी हायकोर्टात अपील टाकलं असेल आणि ते अजून पेंडिंग असेल, असं पुष्कळ वेळा असतं आणि घरच्यांना पत्ताच नसतो, तर त्यात प्रणय सेठीचाच हिशोब लागेल. विमा कंपनीने अपील केलं असेल तरी मला सांगा, त्यातही काही करता येतं का बघू. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरचं हायकोर्टाचं काम कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेलंय, मुंबईला जायला नको.

मोहोळचा_शेतकरी
अपिलाचं वहिनीला माहिती नाही पण विमा कंपनीकडून एक इंग्रजी नोटीस आली होती म्हणते, ट्रंकेत ठेवलीय. त्यावर केस नंबर असेल का?

सातरस्ता_वकील
असणारच. नोटिशीचा आणि ट्रिब्युनलच्या निकालाच्या पहिल्या पानाचा फोटो काढून मला मेसेज करा, नंबर टाकून ऑनलाइन स्टेटस मी आज रात्रीच बघतो.